वर्ल्ड कपला जायचंय? आधी शहर धरा, संघ नंतर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात परत मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही कोपरखैरण्यात राहता, नोकरी ऐरोलीत, हातात महिना ४५ हजार येतात आणि त्यातले दहा हजार बाजूला पडू शकतात. वडील माथाडी कामगार होते, आता निवृत्त आहेत. १९८६ ची अर्जेंटिना-इंग्लंड मॅच त्यांनी रात्री साडेअकराला, मस्जिद बंदरच्या गाळ्यावरून उठून, शेजारच्या चाळीतल्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर पाहिली होती. तेव्हा ते वीस वर्षांचे होते. त्यांच्यामुळे तुम्हीही अर्जेंटिनाचे झालात. २०२६ जमलं नाही, म्हणून आता २०३० ला त्यांना घेऊन जायचं आहे. पासपोर्ट दोघांकडेही नाही. तुम्ही चार गोष्टी विचारल्यात: खर्च किती येईल, पॅकेज घ्यावं की स्वतः बुकिंग करावं, तिकीट कसं मिळतं, आणि अर्जेंटिना फायनलला गेली तर ती मॅच बघता येईल का.

मी ठाण्यात नौपाड्यात बावीस वर्षं प्रवासाचं आणि व्हिसाच्या फाइलींचं काम करते. फुटबॉलसाठी जाणाऱ्यांच्या फाइली २०१० च्या दक्षिण आफ्रिकेपासून करते आहे. रशियाला २०१८ मध्ये स्वतः सहा जणांना घेऊन गेले होते. त्यामुळे जे सांगते ते बरंचसं त्या अनुभवातून आहे. दरांचे आकडे आजचे आहेत आणि २०३० पर्यंत ते बदलतील, हे धरूनच वाचा.

तुम्ही खर्चापासून सुरुवात केलीत, पण खर्चाचा आकडा मी लगेच सांगणार नाही. तुमच्या बाबतीत खरा प्रश्न असा आहे की चौसष्ट वर्षांच्या माणसाला, पहिल्याच परदेश प्रवासात, किती शहरं फिरवायची. त्याचं उत्तर ठरलं की व्हिसा, तिकीट, पैसा या तिन्ही गोष्टी आपोआप त्याच्यामागे येतात. ते न ठरवता लोक आधी संघ धरतात, मग तो संघ जिथे जाईल तिथे पळायचं ठरवतात, आणि तिथून सगळा हिशोब बिघडतो.

अर्जेंटिनाच्या बाबतीत २०३० ला ही अडचण जास्तच आहे. यजमान मोरोक्को, पोर्तुगाल आणि स्पेन आहेत हे तुम्हाला माहीत आहे. पण पहिला वर्ल्ड कप १९३० मध्ये उरुग्वेत झाला, त्याला शंभर वर्षं होतात म्हणून सुरुवातीच्या तीन मॅचेस दक्षिण अमेरिकेत ठेवल्या आहेत: उरुग्वे, अर्जेंटिना आणि पॅराग्वेत एकेक. म्हणजे अर्जेंटिनाची पहिली मॅच अर्जेंटिनातच होणार आणि मग तो संघ अटलांटिक ओलांडून इकडे येणार. पुढच्या दोन ग्रुप मॅचेस कोणत्या शहरात, हे संघांच्या गटवारीची सोडत निघाल्याशिवाय कळणार नाही. जून-जुलैतल्या स्पर्धेची सोडत साधारण आदल्या डिसेंबरात निघते. २०१८ ची १ डिसेंबर २०१७ ला निघाली, २०२६ ची ५ डिसेंबर २०२५ ला. डिसेंबरपर्यंत थांबून मग हॉटेल शोधायला बसलात तर बजेटमधल्या खोल्या गेलेल्या असतात. आणि मनाची तयारी म्हणून सांगते, २४ जून २०३० ला मेस्सी त्रेचाळीस वर्षांचा होईल. वडिलांना ‘मेस्सी दाखवतो’ असं वचन देऊ नका. ‘वर्ल्ड कप दाखवतो’ असं द्या. ते पाळता येतं.

संघाच्या मागे जाण्याचं काय होतं ते मी जवळून पाहिलंय. रशियाला आमच्यातले दोघं पक्के जर्मनीवाले होते. जर्मनीची पहिली मॅच मॉस्कोत, दुसरी सोचीत, तिसरी कझानमध्ये. यजमान शहरांमधल्या खास गाड्या तिकीटधारकांना फुकट होत्या हे खरं, पण मॉस्को ते सोची दीड हजार किलोमीटरच्या वर आहे, तिथून कझान त्याहून लांब. दहा दिवसांत त्यांनी अंथरुणावर किती रात्री काढल्या आणि गाडीच्या बर्थवर किती, ते त्यांचं त्यांना माहीत. जर्मनी ग्रुपमध्ये पहिली येणार हे गृहीत धरून त्यांनी पुढच्या फेरीसाठी सेंट पीटर्सबर्गचं हॉटेल आधीच घेतलं होतं, पैसे परत न मिळणाऱ्या दरात.

आम्ही बाकीचे पाच जण तळ ठोकून कझानमध्येच होतो. २७ जूनला ते दोघं थकून तिथे पोहोचले आणि आम्ही सगळे दक्षिण कोरिया-जर्मनी मॅचला बसलो. नव्वद मिनिटं झाली तरी ०-०. मग भरपाईच्या वेळेत कोरियाने चेंडू जाळ्यात मारला आणि लाइन्समनने झेंडा वर केला. रेफरीने व्हीएआर, म्हणजे व्हिडिओवरचं रिप्ले, बघितलं आणि गोल दिला. त्यानंतर जर्मनीचा गोलकीपर नॉयर गोल सोडून पार पुढे आला होता, त्याच्याकडून चेंडू सुटला आणि कोरियाच्या सोनने मोकळ्या जाळ्यात दुसरा गोल केला. आमच्या पुढच्या रांगेत एक वयस्कर जर्मन गृहस्थ होते. त्यांनी गळ्यातला स्कार्फ काढला, मांडीवर ठेवून नीट चार घड्या घातल्या, आणि स्टेडियम रिकामं होईपर्यंत ते त्यावर हात ठेवून बसून राहिले. आमचे दोघं त्यांच्याकडे बघत होते. नंतर सेंट पीटर्सबर्गला जाऊन त्यांनी जर्मनीच्या जागी स्वीडन-स्वित्झर्लंड पाहिली, कारण हॉटेलचे पैसे गेलेले होते.

आता कझानचं बघा. त्या एका शहरात सहा मॅचेस झाल्या. त्यातली २७ जूनची जर्मनीची, ३० जूनची फ्रान्स-अर्जेंटिना ४-३, आणि ६ जुलैची बेल्जियम-ब्राझील २-१. जर्मनी, अर्जेंटिना आणि ब्राझील, तिघंही त्याच मैदानावर बाहेर पडले. ३० जूनची मॅच मी पाहिली. अर्जेंटिना हरली तरी मला आजही ती माझ्या आयुष्यातली सर्वांत सुंदर मॅच वाटते. फ्रान्सच्या एकोणीस वर्षांच्या एम्बापेने त्यात दोन गोल मारले. हे तिकीट मी घेतलं तेव्हा तिथे कोण खेळणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी फक्त शहर धरलं होतं.

म्हणून तुमच्यासाठी माझा सल्ला सरळ आहे: एक तळ निवडा, नऊ रात्री, दोन मॅचेस, ग्रुप फेरीच्या काळात. स्पर्धा आता अठ्ठेचाळीस संघांची आणि १०४ मॅचेसची झाली आहे, त्यातल्या ७२ ग्रुपच्या असतात. पहिल्या दोन-अडीच आठवड्यांत एका पट्ट्यात राहून दर दोन-तीन दिवसांनी मॅच मिळू शकते. फायनलचा विचार सोडून द्या. २०२६ साठी सुरुवातीला जाहीर झालेले दर ग्रुपच्या स्वस्त जागेला ६० डॉलर आणि फायनलच्या सर्वांत वरच्या वर्गाला ६,७३० डॉलर असे होते, आणि मागणीप्रमाणे दर वर जातील हे तेव्हाच सांगितलेलं होतं. शिवाय फायनलला राहायचं म्हणजे महिनाभर तरी थांबा, नाहीतर दोनदा विमानाचा खर्च करा. तुमच्या बजेटमध्ये दोन्ही बसत नाही.

तळ कुठे, हे थोडं परिस्थितीवर आहे. मॅचेसचं शहरवार वेळापत्रक आलं की पक्कं ठरवा. पण आज निवडायचं झालं तर मी मोरोक्कोचा किनाऱ्याचा पट्टा निवडेन. टँजिअर, रबात आणि कासाब्लांका एकाच रेल्वेमार्गावर आहेत. तिथे २०१८ पासून अतिवेगवान गाडी धावते आणि टँजिअर ते कासाब्लांका साधारण सव्वादोन तासांत होतं. रबातला राहिलात तर दोन्ही बाजूंना मॅच बघून रात्री परत खोलीवर येता येईल. समुद्रकाठ असल्यामुळे उन्हाळा सुसह्य असतो. सेव्हिल किंवा माराकेशला जूनच्या शेवटी दुपारी चाळीस अंश सहज होतात, आणि उन्हात सुरक्षा तपासणीच्या रांगेत तास-दीड तास उभं राहणं चौसष्टाव्या वर्षी चेष्टा नाही. दुसरा पर्याय लिस्बनचा. प्रस्तावात तिथली दोन स्टेडियम आहेत, पोर्तो रेल्वेने तीनेक तासांवर आहे, आणि हवा चांगली असते. पण तिथे राहणं महाग पडेल आणि व्हिसाचं काम जास्त आहे.

व्हिसाबद्दल नीट वाचा, कारण या वेळी बहुतेक लोक इथेच फसणार असं मला वाटतं. स्पेन आणि पोर्तुगाल शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहेत, मोरोक्को नाही. नकाशावर टँजिअर आणि स्पेनचा किनारा समोरासमोर दिसतो, मधली सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी १४ किलोमीटर आहे, तरीफाहून फेरी तासाभरात पोहोचते. त्यामुळे ‘एक मॅच स्पेनला, एक मोरोक्कोला, परतीचं विमान माद्रिदहून’ असा बेत फार सोपा वाटतो. पण पहिल्यांदा जाणाऱ्याला शेंगेनचा व्हिसा पुष्कळदा एकाच प्रवेशाचा मिळतो. स्पेनहून फेरीत बसलात की तो प्रवेश संपला. व्हिसावरचे दिवस शिल्लक असले तरी परत स्पेनमध्ये पाऊल ठेवता येत नाही. एका कुटुंबाचं असं झालेलं मी पाहिलंय, फुटबॉलसाठी नव्हे, साध्या सहलीत. त्यांची फाइल दुसरीकडे झाली होती. टँजिअरहून रडत फोन आला आणि शेवटी तिथूनच चौघांची नवीन तिकिटं काढून त्यांना मुंबईला आणावं लागलं. दोन्हीकडे जायचंच असेल तर अर्जात एकापेक्षा जास्त प्रवेश मागा आणि दिवसवार कार्यक्रम जोडून ते का हवेत हे दाखवा. आणि हातात व्हिसा आला की त्यावर प्रवेशाची संख्या आणि दिवस वाचल्याशिवाय फेरी बुक करू नका.

एकट्या मोरोक्कोचं केलंत तर ही भानगडच राहत नाही. भारतीय पासपोर्टवर त्यांचा ई-व्हिसा आहे. मुंबईहून आखातातल्या एखाद्या विमानतळावर बदल करून जाता येतं.

शेंगेनच केलंत तर नियम असे: जास्त रात्री जिथे, त्या देशाकडे अर्ज. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. फी सध्या मोठ्यांना ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो. व्हिसा सेंटरच्या अपॉइंटमेंट उन्हाळ्यात लवकर भरतात, म्हणून जानेवारी-फेब्रुवारी २०३० मध्येच फाइल द्यायची. तुमचं पगाराचं खातं, आयटी रिटर्न, कंपनीचं रजेचं पत्र हे सगळं सरळ असेल तर काळजीचं कारण नाही. दोन गोष्टी मात्र टाळा. अर्जाच्या तोंडावर कुणाकडून दोन लाख घेऊन खात्यात भरू नका. स्टेटमेंट बघणाऱ्याला महिन्याकाठी थोडं थोडं वाढत गेलेलं खातं पटतं. अचानक फुगलेल्या खात्यावर तो बोट ठेवतो. आणि अर्जाच्या आधीच्या तीनेक महिन्यांत नोकरी बदलू नका. चांगली संधी आली तर घ्या, पण मग नव्या कंपनीच्या किमान तीन पगाराच्या स्लिपा हातात आल्यावर अर्ज करा. वडिलांसाठी त्यांची पेन्शन किंवा बचत, आणि खर्च मुलगा करतो आहे असं तुमचं पत्र, एवढं पुरतं.

मॅचचं तिकीट हातात आहे म्हणून व्हिसा मिळतो असं नाही, हेही मनात ठेवा. रशियाला फॅन आयडीवर (प्रेक्षकांच्या ओळखपत्रावर) व्हिसाशिवाय प्रवेश होता, कतारला हय्या कार्डच प्रवेशाचा परवाना होतं, त्यामुळे लोकांना वाटतं वर्ल्ड कप म्हणजे असंच असतं. ती त्या दोन यजमानांनी दिलेली सवलत होती. २०३० ला तसं काही आलं तर आनंदच आहे. तयारी मात्र नेहमीच्या व्हिसाची करा.

तिकिटांची विक्री फिफाच्या संकेतस्थळावरच होते आणि टप्प्याटप्प्याने होते. २०२६ च्या तिकिटांची पहिली सोडत (संघांची नव्हे) सप्टेंबर २०२५ मध्ये, म्हणजे स्पर्धेच्या नऊ महिने आधी, सुरू झाली. मग आणखी सोडती, मग जो आधी येईल त्याला, असं ते चालतं. तेव्हा एका मॅचला चार तिकिटं आणि संपूर्ण स्पर्धेत चाळीस अशी मर्यादा होती, तुम्हाला तर दोनच हवीत. २०२९ च्या पावसाळ्यात फिफाचं खातं उघडून ठेवा, पासपोर्टवर आहे तसंच्या तसं नाव घाला. अर्ज करताना आवडत्या संघाच्या मॅचेस मागू नका. तुमच्या तळाच्या शहरांतल्या, आठवड्याच्या मधल्या, कमी गाजणाऱ्या मॅचेस मागा. सेनेगल-डेन्मार्कसारख्या मॅचला जागा मिळण्याची शक्यता कितीतरी जास्त, आणि स्टेडियममधलं वातावरण तेवढंच भारावून टाकणारं असतं. अर्जेंटिनाची मॅच तुमच्या पट्ट्यात आलीच तर अधिकृत पुनर्विक्रीत प्रयत्न करा. २०२६ ला त्यात घेणाऱ्याकडून आणि विकणाऱ्याकडून १५-१५ टक्के घेतले जात होते, तेवढं जास्त धरून चाला.

एक तांत्रिक गोष्ट. तिकिटांच्या सोडतीत नाव लागलं की पैसे थेट कार्डावरून कापले जातात. आपल्याकडच्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते सुरू करावे लागतात आणि मर्यादाही वाढवावी लागते. नाव लागलं आणि कार्ड नाकारलं गेलं असं होऊ देऊ नका.

अधिकृत जागेबाहेर तिकीट घेऊ नका. कतारच्या वेळी घोडबंदर रोडचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. कुठल्याशा साइटवर दोन तिकिटांचे पैसे भरले होते, छान पावती आली होती, त्यावर सीट नंबरही होता. ‘मॅचच्या आदल्या दिवशी तिकीट फोनवर येईल’ असं सांगितलेलं. ते आलं नाही. तो दोहात स्टेडियमच्या कुंपणाबाहेर उभा राहून आतला आवाज ऐकत होता, हे त्याने मला परत आल्यावर सांगितलं. फिफाची तिकिटं फिफाच्याच ॲपमध्ये असतात. पावतीचा कागद कितीही खरा दिसला तरी गेटवर तो चालत नाही.

आता पैसा. माझा हिशोब दोघांचा, नऊ रात्रींचा आणि स्पर्धेच्या काळातल्या चढ्या दरांचा आहे. विमान प्रत्येकी ९० हजार धरून १ लाख ८० हजार. एक खोली रात्री १२ हजार धरून १ लाख ८ हजार. दोन मॅचेसची चार तिकिटं, प्रत्येकी २० हजार धरून ८० हजार. जेवण आणि शहरातला प्रवास माणशी दिवसाला साडेतीन हजार, म्हणजे ६३ हजार. व्हिसा, विमा, सिमकार्ड, सटरफटर ४० हजार. रेल्वे २० हजार. बेरीज ४ लाख ९१ हजार होते. त्यावर दहा टक्के राखीव, कारण चार वर्षांत रुपया कुठे असेल ते आपल्या हातात नाही. म्हणजे ५ लाख ४० हजार. तुम्ही महिना दहा हजारांची आवर्ती ठेव चार वर्षं चालवलीत तर आजच्या व्याजदराने साडेपाच लाखांच्या आसपास जमतात. म्हणजे बेत बसतो, पण जेमतेम. तिसरी मॅच किंवा दुसरा देश वाढवलात की कर्ज काढावं लागेल, आणि मी या कामासाठी कर्ज काढू देत नाही. दिवाळीचा बोनस मिळत असेल तर तोही या ठेवीत घाला, तेवढी एक मॅच वाढवता येईल.

पॅकेज की स्वतः? माझा धंदा असूनही सांगते, तुमच्यासारख्या एका तळाच्या प्रवासाला पूर्ण पॅकेज लागत नाही. विमान आणि हॉटेल तुम्ही स्वतः घेऊ शकता. हॉटेल शक्यतो विनाशुल्क रद्द होणारं, २०२९ च्या मध्यावर घेऊन ठेवा. फाइलसाठी मात्र जाणत्या माणसाची मदत घ्या. पॅकेज घ्यायचंच ठरलं तर दोन गोष्टी विचारा: मॅचचं तिकीट त्यात आहे का, आणि असेल तर विकणारा फिफाचा अधिकृत हॉस्पिटॅलिटी विक्रेता आहे का. ‘तिकीट आम्ही बघून देऊ’ याला उत्तर म्हणत नाहीत. शिवाय परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने बिलातच घेऊन सरकारकडे भरायचा कर, लागतो. त्याचे दर बजेटमध्ये बदलत आले आहेत, तेव्हाचे तेव्हा बघा. तो पैसा बुडत नाही, ज्याच्या पॅनवर जमा होतो त्याला रिटर्नमध्ये परत मिळतो किंवा वळता होतो. म्हणून बिल तुमच्या पॅनवर करा. वडिलांच्या नावावर झालं आणि ते रिटर्न भरत नसतील, तर तेवढ्यासाठी त्यांचं रिटर्न भरत बसावं लागेल.

वडिलांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तुमच्या प्रश्नात मला तेच मुख्य वाटलं. आयुष्यभर पाठीवर गोणी वाहिलेल्या माणसाचे गुडघे आणि कंबर कशी असते, हे तुम्ही घरात बघत असालच. वर्ल्ड कपच्या दिवशी मेट्रो किंवा बसपासून गेटपर्यंत बरंच चालावं लागतं, आत पायऱ्या चढाव्या लागतात, परतताना तेवढंच. याची चाचणी आपल्याकडे करता येते. नेरुळला डी. वाय. पाटीलवर मोठी मॅच असेल तेव्हा त्यांना घेऊन जा. २५ ऑक्टोबर २०१७ ला सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपची स्पेन-माली सेमीफायनल तिथे झाली, तेव्हा मी माझ्या सासऱ्यांना नेलं होतं. नेरुळ स्टेशनपासून चालत गेलो. जाताना ते ठीक होते. परतताना अर्ध्या वाटेत फुटपाथच्या कठड्यावर बसले आणि म्हणाले, ‘तू हो पुढे.’ त्या दिवशी मला कळलं की वयस्कर माणसाचा हिशोब जाण्याचा नसतो, येण्याचा असतो. तेव्हापासून साठीपुढच्या प्रत्येकासाठी मी हॉटेल स्टेशनजवळचं घेते, जागा खालच्या रांगेतल्या मागते, आणि दोन मॅचेसच्या मध्ये किमान एक पूर्ण रिकामा दिवस ठेवते. तुम्हीही ठेवा. मोठ्या स्पर्धांत चालायला त्रास असणाऱ्यांसाठी वेगळ्या वर्गातली तिकिटं असतात, डॉक्टरांचा दाखला असेल तर तिकडे अर्ज करता येतो.

त्यांना साखर किंवा बीपी असेल तर विमा घेताना ते लपवू नका. आधीपासूनचे आजार सांगून घेतलेला विमा थोडा महाग पडतो, पण तिथे दवाखान्यात जायची वेळ आली तर तोच कामाला येतो. औषधं पूर्ण मुक्कामाची, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत.

आता सर्वांत आधी करायचं काम, आणि ते पैशाचं नाही. पासपोर्ट. तुमचा सोपा आहे, वडिलांचा अडू शकतो. त्यांच्या पिढीतल्या गावाकडच्या किती जणांची जन्मतारीख १ जून आहे ते बघा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी घातलेली. आधारला नुसतं साल, पॅनवर तिसरंच काही. नावाचंही तसंच. माझ्याकडे आलेल्या एका काकांचं वडिलांचं नाव आधारवर ज्ञानू होतं, पॅनवर ज्ञानदेव, आणि युनियनच्या कार्डावर नुसता डी. अशा फाइलला राजपत्र, आधार दुरुस्ती, मग पॅन दुरुस्ती, असं करत आठ महिने गेले. तुमच्याकडे चार वर्षं आहेत, म्हणून आत्ताच हे उरकून घ्या. आधी कागद एकसारखे करा, मगच पासपोर्टची अपॉइंटमेंट घ्या. साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये आहे. ते दहावी नसतील तर ‘ईसीआर’चा (नोकरीसाठी परदेशी जाताना सरकारी परवानगी लागते असा) शिक्का बसेल म्हणून काहीजण घाबरवतील; पन्नाशीच्या पुढच्यांना तो लागत नाही, आणि पर्यटनाला तसाही त्याचा अडसर नसतो.

पासपोर्ट आल्यावर, जमलं तर, २०२८ च्या आसपास दोघांनी एखादा चार दिवसांचा स्वस्त परदेश प्रवास करा, श्रीलंका किंवा व्हिएतनाम. व्हिसासाठी ते सक्तीचं नाही. पण इमिग्रेशनच्या रांगेत, विमानात, परक्या जेवणात वडील कसे राहतात ते तुम्हाला कळेल, आणि २०३० ला त्यांना विमानतळावर पाऊल ठेवताना धाकधूक नसेल.

तेव्हा या आठवड्यात एवढंच करा. वडिलांच्या गावच्या शाळेत फोन लावून शाळा सोडल्याचा दाखला मिळतो का ते विचारा. रजिस्टर जुनं असेल तर कुणीतरी स्वतः जाऊन शोधायला लावावं लागेल. वडिलांनाच घेऊन जा, त्यांना वर्ग आणि गुरुजी आठवत असतील तर कारकुनाला साल शोधणं सोपं जातं. दाखला हातात आला की त्यावर नाव कसं लिहिलंय आणि तारीख काय आहे, आणि आधार-पॅनवर काय आहे, हे तिन्ही इथे लिहा. कागदपत्रांचे फोटो टाकू नका, नुसता फरक सांगा. आधी कोणता कागद दुरुस्त करायचा ते त्यावरून सांगते.